यशवंतपूरची शीव शोधताना

बंगळुरात मराठी माणसे गणपतीच्या मांडवात जमली की बोलता बोलता शहाजीराजांवर विषय येतोच. १६३८ साली विजापूरच्या रणदुल्लाखानाने बंगळूर घेतले, ते शहाजीराजांना जहागीर म्हणून मिळाले. पुढे एकोजीराजे, म्हणजे आपले व्यंकोजीराजे, येथे होते. १६८७ साली मोगलांनी शहर घेतले आणि त्यानंतर तीन लाख रुपयांच्या व्यवहारात ते म्हैसूरच्या चिक्कदेवराज वोडेयरांकडे गेले. एवढी उजळणी आपल्यापैकी बहुतेकांची झालेली असते. पण एखाद्या चौकस मुलाने विचारले, "काका, मग आपलं यशवंतपूर त्यात कुठे होतं?" की आपण सारे प्रसादाच्या ताटाकडे वळतो.

या प्रश्नाने मला निवृत्तीनंतर चांगलेच नादी लावले. जुन्या गावांच्या हद्दी शोधायच्या आणि त्या नकाशावर मांडायच्या, असा हा उद्योग आहे. त्यातून एक गोष्ट मनावर ठसली, तीच आज आपणांसमोर ठेवतो. घराण्याचा इतिहास लिहायचा असो वा गावाचा, आधी त्या काळची शीव ठरवावी आणि मगच गोष्ट सांगावी.

एक नाव, अनेक यशवंतपुरे

सुरुवात आपल्या दारापासूनच करू. 'यशवंतपूर' म्हटल्यावर कोणाच्या डोळ्यांपुढे रेल्वे स्टेशन येते, कोणाच्या डोळ्यांपुढे कांद्या-बटाट्याच्या गाड्या लागलेले एपीएमसी यार्ड. टपाल खात्याचे यशवंतपूर ५६००२२ या पिनकोडचे. महसूल खात्याची यशवंतपूर होबळी याहून पुष्कळ मोठी. होबळी म्हणजे तालुक्याखालचा गावांचा गट. बंगळूर उत्तर तालुक्यातल्या या होबळीत पीण्या, लग्गेरे, हेरोहळ्ळी, जालहळ्ळी ही गावे कागदोपत्री येतात. निवडणुकीचे यशवंतपूर आणखी तिसरेच. २००८ साली मतदारसंघांची फेररचना झाली, तेव्हा यशवंतपूर नावाचा विधानसभा मतदारसंघ झाला. तो केंगेरी-हेरोहळ्ळीच्या बाजूचा. आणि आपल्या स्टेशनजवळचा, २०१० च्या पालिका निवडणुकीतला यशवंतपूर वॉर्ड, क्रमांक ३७, तो मात्र राजराजेश्वरीनगर मतदारसंघात! म्हणजे यशवंतपुरात राहून यशवंतपूरच्या आमदाराला मत देता येत नाही. होबळीची हद्द नकाशावर आखली की हे कोडे बरेचसे सुटते, कारण हेरोहळ्ळी याच होबळीतली.

आजच्या आज ही स्थिती, तर साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या कागदातल्या नावाचे काय? नावावरून इतिहास सांगणे सोपे असते. 'यशवंत' दिसला की मराठ्यांनी वसवलेले गाव, असे आपण टाळ्या घेत सांगतो. पण नाव हा पुरावा नव्हे. पुरावा म्हणजे लेख, आणि लेखाला अर्थ येतो तो त्यातल्या जमिनीची हद्द कळल्यावर.

गाव जागेवर, जिल्हा प्रवासात

विलायतेत घराण्याचा इतिहास शोधणारे लोक प्रथम 'पॅरिश' विचारतात. पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हाताखालचा मुलूख. जन्म, लग्न, मृत्यू यांच्या नोंदी त्या चर्चच्या वहीत. त्यामुळे पणजोबाचे घर ओढ्याच्या अलीकडे होते की पलीकडे, यावर कोणती वही उघडायची हे ठरते. म्हणूनच तिकडे जुन्या पॅरिशच्या हद्दींचे नकाशे मोठ्या कष्टाने तयार केले गेले.

आपल्याकडे पॅरिशच्या जागी मौजे, तर्फ, परगणा, प्रांत आणि पुढे तालुका, जिल्हा. अडचण मात्र तीच. माझे मूळ गाव चंदगड तालुक्यातले. आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर जिल्हा बेळगाव, माझ्या दाखल्यावर जिल्हा कोल्हापूर. घर बदलले नाही, विहीरही तीच. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचनेत तालुका बेळगावातून कोल्हापुरात आला, एवढेच. आपल्यातल्या सांगलीकरांच्या वडिलांच्या कागदांवर 'दक्षिण सातारा' असेल, कारण १९६० पर्यंत जिल्ह्याचे नाव तेच होते. बेळगावला लागून असलेले शहापूर तर सांगली संस्थानातले. तिथल्या माणसाने केवळ बेळगावच्या जुन्या दप्तरात शोध घेतला तर हाती काय लागणार?

शहाजीराजांच्या समाधीचेच पाहा. १६६४ साली त्यांचा मृत्यू झाला ते होदिगेरे जुन्या पुस्तकांत शिमोगा जिल्ह्यात आणि नव्या पुस्तकांत दावणगेरे जिल्ह्यात सापडते. दोन्ही बरोबर आहेत. १९९७ साली दावणगेरे जिल्हा झाला आणि चन्नगिरी तालुका त्यात गेला. साल न लिहिता पत्ता लिहिला की असे घोटाळे होतात.

खुद्द बंगळूर तर १८८१ ते १९४७ या काळात दोन राजवटींत विभागलेले होते. शहर म्हैसूरच्या महाराजांचे आणि कॅन्टोन्मेंट, म्हणजे सिव्हिल अँड मिलिटरी स्टेशन, इंग्रज रेसिडेंटच्या ताब्यात. चिकपेठेतली नोंद एका सरकारची, आजच्या शिवाजीनगरातली दुसऱ्याची. १९४९ साली दोन्ही मिळून एक महानगरपालिका झाली. १९८६ साली बंगळूर शहर आणि ग्रामीण असे दोन जिल्हे झाले, २००७ साली आसपासची ११० गावे घेऊन बृहत् पालिका झाली, आणि २ सप्टेंबर २०२५ पासून तिच्या जागी पाच पालिका आल्या. पुढच्या पिढीतला कोणी आपल्या स्मरणिका चाळून इतिहास लिहील, तेव्हा त्यालाही विचारावे लागेल की हे यशवंतपूर कोणत्या सालचे?

साखळी, आणा आणि गुंठा

या शोधात मराठी माणसाला एक सुखद धक्का बसतो. येथे जमिनीच्या कामासाठी सरकारी कचेरीत गेलात तर कानावर शब्द पडतात ते असे: पहाणी, टिप्पण, आकारबंद, हिस्सा, खराब, खातेदार, हद्दबस्त. जमिनीच्या तुकड्याला 'पोडी' म्हणतात, ते आपल्या फोडीचेच रूप. यांतले काही शब्द मूळचे फारसी-अरबी, पण ते दोन्ही दप्तरांत सारखेच रुळले. कानडी न येणारा नवा मराठी माणूसही तेथे निम्मे समजू शकतो.

त्याला कारण आहे. इंग्रज आयुक्तांच्या राजवटीत, १८३१ नंतर, म्हैसूरच्या दप्तरात कानडीबरोबर मराठीही चालत असे. पुढे १८६३ साली संस्थानात नवी जमीनमोजणी सुरू झाली ती मुंबई इलाख्याच्या पद्धतीने. ही पद्धत गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३५-३६ च्या सुमारास पुणे जिल्ह्यातल्या इंदापूर तालुक्यात बसवली होती. तेहेतीस फुटांची साखळी, तिचे सोळा आणे; एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद म्हणजे १,०८९ चौरस फूट, म्हणजेच एक गुंठा; असे चाळीस गुंठे म्हणजे एकर. इंदापूरच्या उसाच्या फडात चालणारा गुंठा बंगळूरच्या प्लॉटच्या कागदावर कसा आला, याचे उत्तर हे.

या मोजणीतून प्रत्येक गावाचा नकाशा तयार झाला. आठ इंच म्हणजे एक मैल, असे त्याचे प्रमाण. त्यात सर्व्हे नंबर, तळी, ओढे, गाडीवाटा, गावठाण आणि चारी बाजूंच्या गावांची नावे असतात. तीन गावांच्या शिवा जेथे मिळतात तेथे दगड असे. गडि म्हणजे हद्द, कल्लु म्हणजे दगड. गडिकल्लु हा शब्द वयस्कर कानडी शेजाऱ्यांना विचारून पाहा. आपल्याकडे शिवेच्या तंट्यात महाराची साक्ष मोलाची मानली जाई, तसे येथे तोटी आणि तळवार हे गावकामगार शिवेचे जाणकार. आपल्याकडचा कुलकर्णी तो येथला शानभोग. त्याहूनही जुनी खूण म्हणजे देवाच्या जमिनीच्या हद्दीवर उभी केलेली लिंगमुद्रेची शिळा. कोकणातल्या गधेगाळी ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना तिचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

हरवलेल्या गावाचे दान

आता मूळ प्रश्नाकडे येतो. मल्लेश्वरमचे काडु मल्लेश्वराचे देऊळ आपल्या सर्वांच्या पायाखालचे. तेथला १६६९ सालचा शिलालेख बी. एल. राईस यांच्या 'एपिग्राफिया कर्नाटिका'च्या नवव्या खंडात छापला आहे. हा खंड १९०५ सालचा आणि त्यातले लेख तालुकावार लावलेले. म्हणजे येथेही त्या काळचा तालुका माहीत हवा. लेख सांगतो की एकोजीराजांनी मल्लपुराच्या मल्लिकार्जुन देवाला मेदरनिंगनहळ्ळी हे गाव दिले. राजा मराठा, लेख कानडी, देव येथल्या लोकांचा.

पण मेदरनिंगनहळ्ळी नावाचा बसथांबा नाही, वॉर्ड नाही, की वस्ती नाही. शिलालेखांचे अभ्यासक हे गाव आजच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सच्या, म्हणजे आपल्या तोंडी बसलेल्या 'टाटा इन्स्टिट्यूट'च्या परिसरात होते असे मानतात. १९०७ साली म्हैसूर दरबाराने टाटांच्या नियोजित संस्थेला दिलेली सुमारे ३७१ एकर जमीन हीच. यशवंतपूरच्या कुशीतली. ज्या मातीचा महसूल कधी देवाच्या पूजेसाठी लावून दिला होता, तिच्यावर अडीचशे वर्षांत विज्ञानाची संस्था उभी राहिली. दोन्ही वेळी देणारा राजा, आणि दोन्ही वेळी दान सार्वजनिक कामासाठी.

महसुली भाषेत 'बेचिराख' गाव असा एक शब्द आहे. बेचिराग, म्हणजे जेथे दिवा लागत नाही ते. कर्नाटकात आणि महाराष्ट्रात तो सारखाच वापरतात. माणसे उठून गेली तरी कागदावर गावाचे नाव आणि शीव टिकून राहते. मेदरनिंगनहळ्ळीसारख्या गावाला नकाशावर जागा देणे म्हणजे त्या विझलेल्या दिव्याची जागा दाखवणे. ते केले नाही तर दान कोरलेला दगड उरतो, पण काय दिले ते हरवते.

नकाशा करताना

हे काम कोणालाही जमण्यासारखे आहे. कर्नाटकच्या भूमापन खात्याने गावनकाशे संगणकावर खुले केले आहेत. 'दिशांक' नावाच्या सरकारी ॲपमध्ये आपण उभे आहोत त्या जागेचा सर्व्हे नंबर दिसतो. क्यूजीआयएस हे नकाशांचे सॉफ्टवेअर फुकट मिळते. जुना नकाशा त्यात घ्यायचा आणि आजही न हललेल्या खुणांवर बसवायचा. तळ्याचा बांध, जुने देऊळ, रेल्वेचा रूळ अशा चार-पाच खुणा पुरतात.

काही पथ्ये मात्र पाळावीत. पहिले, प्रत्येक रेषेला साल लावावे. १८६३ नंतरच्या मोजणीतली शीव १६६९ चीच होती असे धरून चालू नये. तिच्यावरून मागे जाता येते, एवढेच. दुसरे, दोन गावांची सामाईक शीव दोन नकाशांत दोनदा काढलेली असते आणि ती नेमकी जुळत नाही. कागद आटतो, ओढा पात्र बदलतो. ती फट ओढूनताणून बुजवू नये, तशीच दाखवावी. तिसरे, खात्रीची रेषा सलग आणि अंदाजाची तुटक काढावी. चौथे, नाव कागदात जसे असेल तसेच लिहावे, आजचे रूप शेजारी द्यावे. आणि पाचवे, शिवेचा दगड दिसला तर फोटो घ्यावा, जागा नोंदवावी, पण दगड हलवू नये. हललेल्या दगडाची साक्ष संपते.

हे सारे कशासाठी? १९५३ साली एचएमटी आणि १९५४ साली बीईएल जालहळ्ळीला आली. त्यानंतर नोकरीसाठी येथे आलेल्या आपल्या लोकांना अधूनमधून ऐकावे लागते की तुम्ही बाहेरचे. त्यावर आपलेही लोक उसळून म्हणतात की हे शहर आमच्याच राजांचे होते. शीव आखायला बसले की दोन्ही बोलणी पोकळ वाटू लागतात. नकाशावर दिसते ते वेगळेच: मराठा राजाने कानडी देवाला दिलेले गाव, इंदापुरातून आलेली साखळी, कानडी शानभोगाच्या वहीतले मराठी शब्द. मालकी सांगावी असे त्यात काही नाही. शेजार सांगावा असे मात्र पुष्कळ आहे.

तेव्हा मंडळी, एक विनंती. घरी जुने दाखले, सनदा, मोडीतले कागद असतील तर त्यांच्या झेरॉक्स मंडळाकडे आणून द्या. मूळ कागद आपल्याजवळच राहू द्या. कानडी शेजाऱ्यांनाही बोलवा. त्यांच्या आजीला आठवणारे तळे आणि आपल्याला सापडलेला नकाशा एकत्र आले तरच काम पुरे होईल. पुढच्या वर्षी मांडवाच्या एका भिंतीवर यशवंतपूर होबळीचा सालवार नकाशा लावता आला, तर त्या चौकस मुलाला बोट ठेवून उत्तर देता येईल.

मंगलमूर्ती मोरया!