दोन साक्षीदार, एकच साक्ष

१९६४ साली मुंबईत सागवानी लाकडाची एक शिडाची नौका पाण्यात उतरली. तिचे नाव 'सुहेली', लांबी अवघी ३२ फूट. या नौकेतून रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी १९६८-६९ मध्ये ३१२ दिवसांत एकट्याने, कोठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा पुरी केली. असे करणारे ते पहिलेच. वाट शोधण्यासाठी त्यांच्याजवळ होकायंत्र, सेक्स्टंट, अचूक घड्याळ आणि कागदी नकाशे होते. यातले कोणतेही साधन दुसऱ्याला ओळखत नव्हते. सूर्याची उंची मोजायची, घड्याळ पाहायचे, आकडेमोड करायची आणि नकाशावर खूण करायची. या साधनांना जोडणारी तार एकच होती, ती म्हणजे खलाशाचे डोके.

आज नवी नौका बांधताना तक्तपोशी बसवण्याआधीच तारांचा आराखडा काढतात. जीपीएस, खोलीमापक, वेगमापक, वारामापक, रडार, पडद्यावरचा नकाशा आणि आपोआप सुकाणू धरणारे यंत्र ही सगळी साधने एकमेकांशी बोलतात. त्यांनी बोलायचे तरी कशाला? एक सोपे उदाहरण घेऊ. नौका वाऱ्याच्या तोंडावर ताशी ६ सागरी मैल वेगाने इंजिनावर चालली आहे आणि डोलकाठीवरचा वारामापक १६ दाखवतो आहे. खरा वारा मात्र १० चाच आहे. सायकल पळवताना तोंडावर वारा लागतो, तसाच हा प्रकार. म्हणजे खरा वारा सांगायचा असेल, तर वारामापकाने वेगमापकाला विचारलेच पाहिजे.

बोलायचे म्हटले की सामाईक भाषा हवी. सुरुवातीला प्रत्येक कारखानदाराची भाषा निराळी होती. अमेरिकेतील सागरी इलेक्ट्रॉनिक्स व्यावसायिकांच्या एनएमईए या संघटनेने १९८३ साली '०१८३' ही प्रमाणभाषा ठरवली. तिचे वाक्य डॉलरच्या चिन्हाने सुरू होते. पहिली दोन अक्षरे कोण बोलतो ते सांगतात आणि पुढची तीन कशाविषयी बोलतो ते सांगतात. वेग सेकंदाला ४,८०० बिट्स, म्हणजे साधारण ४८० अक्षरे. अडचण अशी, की एका तारेवर एकच यंत्र बोलणार आणि बाकीच्यांनी फक्त ऐकायचे. यंत्रे वाढली तसा तारांचा गुंता वाढला. पुढे मोटारगाड्यांसाठी बॉश कंपनीने १९८६ मध्ये पुढे आणलेली 'कॅन' पद्धत नौकांवर आली. तिच्यावर उभारलेल्या 'एनएमईए २०००' मध्ये एकाच मुख्य तारेला सर्व यंत्रे जोडतात. तेथे सेकंदाला २,५०,००० बिट्स धावतात. दोघे एकदम बोलू लागले तर अधिक महत्त्वाचा संदेश पुढे जातो आणि दुसरा थांबतो.

पण भाषा एक झाली म्हणजे समजही एक झाली का? याचे उत्तर १९९५ सालच्या एका अपघाताने दिले. 'रॉयल मॅजेस्टी' हे प्रवासी जहाज ९ जूनला दुपारी बर्म्युडाहून बॉस्टनकडे निघाले. तासाभरातच जीपीएसची अँटेनाकडे जाणारी तार निखळली. उपग्रहांचे संकेत बंद पडताच यंत्राने दुसरा मार्ग धरला. होकायंत्राकडून दिशा आणि वेगमापकाकडून वेग घेऊन ते स्थानाचा केवळ अंदाज बांधू लागले. तसे त्याने सांगितलेही. पडद्याच्या कोपऱ्यात बारीक अक्षरे उमटली आणि पाठवलेल्या संदेशांतही 'हे स्थान भरवशाचे नाही' अशी खूण होती. पण सुकाणू धरणारे यंत्र ती खूण वाचतच नव्हते, कारण तशी त्याची रचनाच नव्हती.

सुकाणूचे यंत्र स्वतःही स्थानाचा हिशेब करी आणि जीपीएसशी ताडून पाही. दोन्ही उत्तरे जुळत होती. जुळणारच! दोन्ही हिशेब त्याच होकायंत्रावर आणि त्याच वेगमापकावर चालले होते. वारा आणि प्रवाह जहाजाला बाजूला सारत होते, ते दोघांनाही कळत नव्हते. जमिनीवरच्या केंद्रांकडून संकेत घेणारे लोरान हे स्वतंत्र यंत्र जहाजावर होते आणि ते ठीक चालू होते, पण अधिकारी जीपीएसवरच विसंबले. खोलीमापकाच्या इशाऱ्याची मर्यादा शून्यावर ठेवलेली होती. १० जूनच्या रात्री, सुमारे ३४ तासांनी, जहाज नँटकेट बेटाजवळच्या वाळूच्या उथळ पट्ट्यावर रुतले. ते ठरल्या मार्गापासून १७ सागरी मैल दूर होते. सुमारे १,५०० माणसे सुखरूप राहिली, हे नशीब.

आता भागाकार करून पाहू. १७ ला ३४ ने भागले की ताशी अर्धा सागरी मैल येतो, म्हणजे ताशी एक किलोमीटरहूनही कमी. रांगणारे मूल एवढ्या वेगाने सरकते. चूक अशी हळूहळू साचत गेली, म्हणूनच ती कोणाच्या डोळ्यांत भरली नाही.

म्हणून नव्या नौकेचा आराखडा करताना 'काय काय जोडता येईल?' एवढाच प्रश्न पुरत नाही. 'काय जोडायचे नाही?' हेही ठरवावे लागते. विजेवाचून चालणारे होकायंत्र, स्वतःच्या बॅटरीवरचा वेगळा जीपीएस आणि कागदी नकाशा या मुख्य तारेपासून दूरच बऱ्या. ही तार तुटली तरी त्यांची साक्ष उरते.

हा धडा वर्गातही देता येईल. शाळेच्या भिंतीवरचे घड्याळ पाच मिनिटे मागे करा आणि दोन मुलांना त्यावरून आपापली घड्याळे लावायला सांगा. मग वर्गाला विचारा, "दोघांची वेळ अगदी जुळते आहे, मग ती बरोबर असेल ना?" बहुतेक हात वर होतील. नंतर तिसरे घड्याळ दाखवा, रेडिओच्या वेळेवर लावलेले. मोजमाप जुळले की ते खरे, असे आपण सहज मानतो. जुळणारी उत्तरे एकाच झऱ्यातून आलेली नाहीत ना, हे आधी तपासायला हवे. प्रयोगशाळेतही आणि समुद्रावरही.