झारच्या फिल्मीतून झारविरुद्ध साक्ष

'मोंताज' हा शब्द आपल्याकडे आयझेनस्टाईनचे बोट धरून येतो आणि थेट सौंदर्यशास्त्राच्या दालनात जाऊन बसतो. त्याची मुळे मात्र टंचाईत आहेत. ऑगस्ट १९१९ मध्ये लेनिनने चित्रपटधंद्याचे राष्ट्रीयीकरण केले तेव्हा यादवी युद्ध पेटलेले होते आणि कच्ची फिल्म मिळत नव्हती. मॉस्कोत लेव्ह कुलेशोव्हचे विद्यार्थी फिल्मशिवायच 'चित्रपट' बसवीत. जुन्या तुकड्यांची फेरजोडणीही तिथे होई. मोझुखिन या नटाचा एकच चेहरा. तो सूपच्या थाळीशेजारी भुकेला वाटे, शवपेटीशेजारी दुःखी. अर्थ तुकड्यात नसून जोडणीत असतो, हे त्यातून निघाले.

मग जोडणारा कोण, आणि पाहणारा कोण?

आयझेनस्टाईनने 'संप' (१९२५) या चित्रपटात कामगारांच्या कत्तलीला कत्तलखान्यातील बैलाची दृश्ये जोडली. समीक्षक आजही त्याची वाहवा करतात. पण खुद्द आयझेनस्टाईननेच त्याच वर्षी कबूल केले की कामगार प्रेक्षकावर त्याचा अपेक्षित परिणाम झाला नाही. आणि स्वतःची जनावरे स्वतः कापणाऱ्या शेतकऱ्याला तर त्यात काहीच भयंकर वाटणार नाही. रक्त पाहून शहारण्याची चैन सर्वांना परवडत नाही!

म्हणून मला एस्फिर शूब ही बाई अधिक मोलाची वाटते. परदेशी व क्रांतिपूर्व चित्रपट सोव्हिएत प्रेक्षकांसाठी कापून-जोडून देणे ही तिची नोकरी. १९२४ मध्ये फ्रिट्झ लँगच्या 'डॉ. माबुझ'ची अशी फेरजोडणी करताना आयझेनस्टाईन तिच्याच टेबलाशी बसून हे काम शिकला. पुढे तिने जुनी वार्ताचित्रे आणि झारच्या पदरी असलेल्या छायाचित्रकारांनी टिपलेली दृश्ये शोधून काढली. सुमारे ६०,००० मीटर फिल्म डोळ्यांखालून घातली. त्यातून १९२७ साली 'रोमानोव्ह घराण्याचे पतन' उभे राहिले, जेमतेम दीड हजार मीटरचे.

त्यात जहाजाच्या डेकवर उमराव स्त्रीपुरुष नाचत आहेत. घाम फुटेपर्यंत नाचतात, असे मधली पाटी सांगते. लगेच पुढच्या तुकड्यात चर खणणारे कष्टकरी. त्यांचाही घामच. आयझेनस्टाईनचा बैल ही उपमा होती, बाहेरून आणलेली. शूबचा घाम उपमा नाही. एकाचे नाचणे दुसऱ्याच्या खणण्यावर उभे आहे, हा खरा संबंध ती दाखवते. दरबाराच्या गौरवासाठी टिपलेली ती दृश्ये तिने जवळजवळ जशीच्या तशी ठेवली. बदलला तो फक्त शेजार.

आणि या बाईला मिळाले काय? सोवकिनो या सरकारी संस्थेने तिला कर्तेपणाचा हक्क आणि त्याचा मोबदला नाकारला. चित्रण दुसऱ्यांचे, हिने नुसती कात्री चालवली, असा तो हिशेब. कवी मायाकोव्हस्कीने त्याविरुद्ध जाहीर सभेत आवाज उठवला. हे घडले त्याच १९२७ मध्ये, श्रमिकांच्या नावाने चाललेल्या राज्यात, क्रांतीच्या दहाव्या वर्षी.