घरगुती यंत्रासाठी मोटार निवडताना

डहाणू-तलासरीचा पट्टा चिकूचा. 'डहाणू घोलवड चिकू'ला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. तलासरीतील झरीसारख्या गावी चिकूच्या फोडी सुकविण्याचे कपाट घरीच तयार करावयाचे झाल्यास मोटारीचा प्रश्न येतो आणि बहुतेक जण केवळ अश्वशक्ती विचारून मोकळे होतात. वास्तविक भार कसा आहे व मोटार किती वेळ चालणार, हे आधी ठरवावयास हवे.

मिक्सरमधील ब्रशची मोटार मिनिटाला दहा हजारांहून अधिक फेरे घेते. पण ती काही मिनिटांच्या कामापुरतीच. कपाटातील पंखा रात्रभर चालतो. त्याला छताच्या पंख्यात असते तशी कपॅसिटरची इंडक्शन मोटार योग्य. मात्र ती गरम हवेच्या झोताबाहेर बसवावी. चक्कीसारखे यंत्र सुरुवातीलाच जड जाते. तेथे 'कपॅसिटर स्टार्ट' मोटारच हवी. चार ध्रुवांची अशी मोटार मिनिटाला सुमारे १४४० फेरे देते. तिच्यावर २ इंची व यंत्रावर ८ इंची पुली लावल्यास फेरे ३६० होतात आणि फिरविण्याचा जोर, म्हणजे टॉर्क, जवळजवळ चौपट मिळतो. मोठी मोटार घेण्यापेक्षा हे स्वस्त पडते.

शहरी माणसाचे वीजदाबाकडे सहसा लक्ष जात नाही. २३० व्होल्टऐवजी १८० मिळाले, तर सुरुवातीचा टॉर्क साठ टक्क्यांच्या आसपास उतरतो. कारण तो दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. मोटार मग न फिरता नुसतीच गुणगुणते. अशा वेळी बटण तत्काळ बंद करावे, अन्यथा वाइंडिंग जळते.