विलायती शब्दकोड्यातील श्लेष

आर्थर विन या पत्रकाराने २१ डिसेंबर १९१३ रोजी 'न्यूयॉर्क वर्ल्ड' या पत्रात जे पहिले शब्दकोडे छापले, त्यातील संकेत सरळ अर्थाचे होते. संकेताने एक बोलावे आणि दुसरेच सुचवावे, हा कावा कोड्यांनी घेतला तो इंग्लंडात. तेथे 'ऑब्झर्व्हर' पत्रात एडवर्ड पॉविस मॅथर्स यांनी १९२६ पासून 'टॉर्कमाडा' हे स्पॅनिश धर्मन्यायाधीशाचे नाव धारण करून कोडी रचली, आणि वाचकाचा छळ करण्याचा जो मक्ता त्या नावाबरोबर आपोआप मिळतो, तो १९३९ साली मृत्यू येईपर्यंत इमानाने चालविला.

या गूढ संकेतांत दिसण्यात सर्वांत गरीब जात दुहेरी व्याख्येची. येथे अक्षरांची उलथापालथ नाही, की शब्दाच्या पोटात शब्द दडविणे नाही. एकाच शब्दाचे दोन अर्थ शेजारी बसवावयाचे आणि मधला सांधा मात्र दिसू द्यावयाचा नाही. मराठीत 'हाताची पट्टी' एवढेच लिहून उत्तर दोन अक्षरांचे आहे असे सांगितले, तर वाचकाचे मन दुखापतीकडे आणि दवाखान्याकडे धावते. परंतु ही पट्टी घरपट्टी-पाणीपट्टीच्या कुळातील आहे हे ध्यानात येताच 'कर' हाती लागतो. म्हणून सोडविणाऱ्याने आधी वाक्याचा अर्थ लावण्याचेच नाकारावे, ते कोठे तुटते एवढे पाहावे. आणि संकेत दोन-तीन शब्दांचाच असेल, तर दुहेरी व्याख्येचा संशय सर्वांआधी घ्यावा.

मात्र रचणाऱ्याने किती फसवावे, याला पुढे कायदा आला. 'ॲफ्रिट' या नावाने कोडी रचणाऱ्या रिची यांनी १९४९ साली 'आर्मचेअर क्रॉसवर्ड्स'मध्ये अशी भूमिका घेतली की वाचकाची दिशाभूल खुशाल करावी, पण लिहिलेल्या शब्दांतून उत्तर रास्तपणे निघालेच पाहिजे. मॅथर्स यांच्या गादीवर आलेले मॅकनट, म्हणजे 'झिमेनीझ' (हाही धर्मन्यायाधीशच!), यांनी १९६६ च्या आपल्या ग्रंथात नेमकी व्याख्या, न्याय्य पूरक निर्देश आणि त्याहून अधिक काही नाही, असा दंडक घालून दिला. त्या पंथाचा मनुष्य वरील 'हाताची'मधल्या 'ची'चाही जाब विचारील, आणि मला वाटते, तो रास्तच असेल. कारण दोन शब्दांच्या संकेतात फालतू प्रत्ययाला लपावयास जागा नसते.

आपल्या आलंकारिकांना ही जात अपरिचित नव्हती. शब्द न तोडता दोन अर्थ देणारा तो अभंग श्लेष, तोडून देणारा सभंग, हा भेद त्यांनी पूर्वीच केला होता, आणि धनंजयाने तर 'द्विसंधान' काव्यात राम व पांडव या दोहोंच्या कथा एकाच पद्यांतून चालविल्या. परंतु कवीला दोन्ही अर्थ एकदम आस्वादावयास द्यावयाचे असतात. कोडेकार ते दोन्ही झाकून एक तिसराच, खोटा अर्थ पुढे करतो. टॉर्कमाडा होण्यापूर्वी, १९१९ साली, मॅथर्स यांनी बिल्हणाच्या नावावरील 'चौरपंचाशिके'चे मुक्त इंग्रजी रूपांतर प्रसिद्ध केले होते हे खरे. पण त्यावरून त्यांची ही विद्या संस्कृतातून आली असे म्हणणे धाडसाचे होईल, कारण विरही स्मृतींची ती पद्ये श्लेषासाठी कोणी वाचीत नाही.