रिकामा स्लॉट: पीसी अपग्रेड करता येतो, हे ठरलं कधी?

डेस्कटॉपला नवीन ग्राफिक्स कार्ड आणि जास्तीची रॅम टाकायची म्हटलं की आपण काय बघतो? बजेट, पॉवर सप्लाय किती वॅटचा आहे, मदरबोर्डवर डीडीआर४ चालते की डीडीआर५. पण एका कंपनीच्या बोर्डावर दुसऱ्याच कंपनीचं कार्ड बसतं, ही सोय आली कुठून? आजचा भाग त्याच्यावर.

१२ ऑगस्ट १९८१. आयबीएमने आपला पहिला पीसी जाहीर केला. सगळ्यात साध्या मॉडेलमध्ये रॅम होती १६ केबी. केबी हं, एमबीसुद्धा नाही! बोर्डावर ती ६४ केबीपर्यंत वाढायची आणि त्यासाठी छोट्या छोट्या चिप्स एकेक करून सॉकेटमध्ये दाबून बसवायच्या. त्याहून जास्त हवी असेल तर मेमरीचं वेगळं कार्ड. स्क्रीनवर काही दिसायला हवं असेल तर त्याचंही कार्ड वेगळंच. म्हणजे कार्ड बसवणं हा तेव्हा शौक नव्हता, त्याशिवाय मशीन चालायचंच नाही.

या पीसीत ५ स्लॉट होते. बनवणारी टीम छोटी, हातात जेमतेम वर्षभराचा वेळ, त्यामुळे बरेचसे पार्ट बाहेरचेच घेतले. आणि इतरांनीही कार्डं बनवावीत म्हणून आयबीएमने सर्किटच्या आकृत्या चक्क मॅन्युअलमध्ये छापल्या.

आता गंमत ऐका. आयबीएमच्या एका डिस्प्ले कार्डावर अक्षरं स्वच्छ दिसायची, पण ती ठरलेलीच अक्षरं. दुसऱ्यावर चित्रं काढता यायची, पण अक्षरं भरड. व्हॅन सुवन्नुकुल या विद्यार्थ्याला त्याच्या प्रबंधाच्या कामासाठी हवी होती थाई लिपी, आणि ती दोन्हींवर धड जमेना. मग त्याने स्वतःच कार्ड बनवलं. ते १९८२ सालचं हर्क्युलिस कार्ड! ७२० बाय ३४८ पिक्सेल, एकच रंग, पण अक्षरं रेखीव. ते जगभर विकलं गेलं.

आपल्याकडेही असंच घडलं. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेलं काम पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये आलं आणि त्यातून जिस्ट कार्ड मिळालं. ते स्लॉटमध्ये बसवलं की इंग्रजीसाठी लिहिलेल्या डॉसच्या प्रोग्राममध्येही देवनागरी टाइप करता यायची, स्क्रीनवर दिसायची. मराठीची सोय करून द्यायला आयबीएम आली नव्हती. स्लॉट मोकळा होता, म्हणून आपल्याला ती करून घेता आली.

पुढे आयबीएमलाच हा मोकळेपणा नकोसा झाला. १९८७ मध्ये तिने नवा स्लॉट आणला, मायक्रो चॅनल. तो तांत्रिकदृष्ट्या सरस होता, पण वापरायचा तर लायसन्स घ्या, पैसे भरा. १९८८ मध्ये कॉम्पॅकसह ९ कंपन्या एकत्र आल्या आणि त्यांनी स्वतःचा पर्याय जाहीर केला. मायक्रो चॅनल काही रुजला नाही. नंतर इंटेलचा पीसीआय आला, मग पीसीआय एक्स्प्रेस. आज तुमचं ग्राफिक्स कार्ड बसतं ते यातच, आणि नवं कार्ड जुन्या स्लॉटमध्येही बहुतेक वेळा चालून जातं. रॅमच्या सुट्या चिप्सही पट्टीवर आल्या. डीडीआर४ आणि डीडीआर५ च्या खाचा वेगळ्या जागी असतात, त्या चुकीची पट्टी बसू नये म्हणूनच.

आता चाक उलटं फिरतंय. २०२० मध्ये ॲपलच्या एम१ मध्ये रॅम प्रोसेसरच्या पॅकेजमध्येच गेली. बऱ्याच लॅपटॉपमध्ये ती बोर्डाला सोल्डर केलेली असते. यामागे नुसती लबाडी आहे असं नाही हं. मेमरी जवळ असली की वेग वाढतो, वीज वाचते, जागाही कमी लागते. पण किंमत कोण मोजतं? ज्याच्याकडे आज ८ जीबीपुरतेच पैसे आहेत आणि उरलेली रॅम पुढच्या वर्षी टाकू असं जो म्हणतो, त्याचा तो पर्यायच जातो. आणि कंपनीच्या डोक्यातही नसलेली गरज स्वतः भागवणारा पुढचा सुवन्नुकुल कार्ड बसवणार कुठे?

म्हणून मशीन घेताना रॅम किती आहे हे विचाराच, पण अजून एक विचारा: रिकामे स्लॉट किती?

भेटू पुढच्या भागात!