सखाराम बाइंडर: आक्षेप नेमका कोणाला होता?

आजचा भाग सेन्सॉरवर आहे, पण सिनेमाच्या नाही, नाटकाच्या. नाटक विजय तेंडुलकरांचं, ‘सखाराम बाइंडर’, साल 1972.

आपल्या शहापूर-मुरबाडकडे निळू फुले म्हटलं की आधी पडद्यावरचा पाटील आठवतो. पण हाच माणूस लोकनाट्यातून वर आला आणि या नाटकात सखाराम झाला. सखाराम छापखान्यात पुस्तकं बांधणारा कामगार, जातीने ब्राह्मण, तोंडाने शिवराळ. नवऱ्यांनी टाकलेल्या बायका तो घरी आणून ठेवतो. लग्न करत नाही. पटत नसेल तर जा म्हणतो, भाड्याचे पैसेही देतो. पण घरात असेपर्यंत हुकूम त्याचा, मारही त्याचाच. आधी लक्ष्मी येते, मग फौजदाराची बायको चंपा. शेवट खुनात होतो.

दिग्दर्शक कमलाकर सारंग, चंपा लालन सारंग. प्रयोग सुरू झाले आणि वाद पेटला. अश्लील आहे, लग्नसंस्थेला धोका आहे, अशी ओरड झाली. परिनिरीक्षण मंडळाने अडवलं. सारंग हायकोर्टात गेले, निकाल त्यांच्या बाजूने लागला. या सगळ्या लढाईवर त्यांनी पुढे ‘बाइंडरचे दिवस’ हे पुस्तक लिहिलं.

आता ही परवानगीची पद्धत आली कुठून? इंग्रजांनी 1876 साली नाटकांवर कायदा केला, तो मुख्यतः सरकारवर टीका नको म्हणून. खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’त लोकांना कर्झन दिसला आणि 1910 मध्ये त्या नाटकावर बंदी आली. स्वातंत्र्यानंतर राज्यकर्ते बदलले, पण तपासणी राहिली. आता राजद्रोहाच्या जोडीला नीतीही आली. त्याच काळात बाळासाहेब खेरांच्या सरकारने तमाशावर बंदी घातली. म्हशाच्या जत्रेत बैलबाजार आटोपला की लोक ज्या फडाकडे वळतात, तो तमाशा. पुढे तो सुटला, पण ‘सुधारण्या’च्या अटीवर.

म्हणजे बघा, शिवी आणि शृंगार कनातीत असला की तो गावंढळ, तो सुधारायचा. तोच मुंबईच्या नाट्यगृहात, ब्राह्मण पात्राच्या तोंडी आला की संस्कृती बुडाली!

मला यातली खरी गोष्ट वेगळी वाटते. आक्षेप सखारामच्या तोंडाला होता, चंपाच्या रंगमंचावर साडी बदलण्याला होता. पण लक्ष्मीला आणि तिच्या आधीच्या बायकांना ज्यांनी घराबाहेर काढलं, त्या नवऱ्यांबद्दल कोण चिडलं? लग्नसंस्था वाचवायला सगळे धावले. त्या संस्थेने आधीच बाहेर फेकलेल्या बाईला मात्र त्या भांडणात जागाच नव्हती.

आपल्याकडे हे पुस्तकी नाही. ठाणे-पालघरच्या पाड्यांवर लग्नाचा खर्च झेपत नाही म्हणून वर्षानुवर्षं लग्नाविना संसार करणारी जोडपी आहेत. त्यांच्यासाठी सामुदायिक विवाह लावतात, कधी कधी आईबापांच्या लग्नाला त्यांची पोरं हजर असतात. ही माणसं सखाराम नव्हेत. पण लग्न हे पैशाचंही काम आहे, हे त्यांना कुणी सांगावं लागत नाही. नीतीचे नियम लिहिणाऱ्यांना ते सांगावं लागतं.

जगातही हेच दिसतं. चीनच्या जिया झांगकेच्या ‘ए टच ऑफ सिन’ला 2013 मध्ये कान महोत्सवात पटकथेचं बक्षीस मिळालं. पिचलेली माणसं हिंसेकडे कशी वळतात, हे त्यात आहे. चीनच्या थिएटरांत तो लागलाच नाही. सारंगांना निदान कोर्टाचा दरवाजा होता.

1876 चा तो कायदा 2018 मध्ये रद्द झाला. महाराष्ट्रात नाटकाची संहिता आधी तपासायची पद्धत मात्र त्यानंतरही राहिली. तेव्हा पुढच्या वेळी कुठल्या नाटका-सिनेमावर नीतीच्या नावाने गदारोळ झाला, तर एवढंच विचारा: यात वाचवलं जातंय कोणाला, आणि गप्प बसवलं जातंय कोणाला?