सहा पेनींचें दुकान आणि मुलांचा गळ

ज्यांचें बाळपण खाडीच्या अथवा तळ्याच्या कांठीं गेलें आहे, त्यांस बांबूच्या काठीस दोरा व गरी बांधून तासन्‌तास बसण्याचें सुख निराळें सांगावयास नको. इंग्लंडांतील वृद्ध मंडळीही आपल्या लहानपणाची गोष्ट निघाली कीं याच सुखाची आठवण काढतात. परंतु त्यांच्या आठवणींत नदीच्या जोडीला बाजारपेठेंतील एक दुकानही असतें. तें दुकान वूलवर्थ यांचें. मुलांच्या गळाशीं त्याचा संबंध कसा जडला, तें येथें थोडक्यांत सांगतों.

इंग्लंडांत सामन व ट्राउट या उंची माशांच्या नद्या बहुधा जमीनदारांच्या ताब्यांत असत. सामान्य लोकांच्या वाट्यास कालवे, तळीं व संथ नद्या, आणि त्यांतील रोच, पर्च यांसारखे मासे येत. तरीही एकोणिसाव्या शतकांत शेफील्ड, बर्मिंगहॅम इत्यादि शहरांतील कारागिरांनीं गळ टाकणारांच्या मंडळ्या स्थापिल्या, व आगगाडीच्या स्वस्त तिकिटांवर ते दूरच्या पाण्यावर जाऊं लागले. शेफील्डचे पार्लमेंटांतील प्रतिनिधि मुंडेला यांच्या खटपटीनें १८७८ सालीं कायदा झाला, आणि माशांच्या विणीच्या काळांत, १५ मार्चपासून १५ जूनपर्यंत, गळ टाकण्यास मनाई झाली. नद्यांवर ती अद्यापि पाळली जाते. त्यामुळें १६ जून हा दिवस तेथील मुलांस सणासारखा वाटे.

गळ तयार होत ते मुख्यत्वें रेडिच या गांवीं. सुया व गळ यांच्या कारखान्यांबद्दल या गांवाची ख्याति दूरवर होती. परंतु खास गळाच्या दुकानांत शिरून वस्तु मागावयाची, किंमत ऐकावयाची, आणि पैसे पुरत नाहींत म्हणून रिकाम्या हातानें परतावयाचें, याचा संकोच लहान मुलास फार. हा संकोच ज्या दुकानानें घालविला, तें मूळ अमेरिकेचें. फ्रँक विनफील्ड वूलवर्थ यांनीं ५ नोव्हेंबर १९०९ रोजीं लिव्हरपूल येथें ब्रिटनमधील आपलें पहिलें दुकान उघडलें. तेथें कोणतीही वस्तु तीन किंवा सहा पेनींस मिळे. सहा पेनी म्हणजे पौंडाचा चाळिसावा भाग. हा नियम दुसऱ्या महायुद्धाच्या काळापर्यंत टिकला. शिवाय माल उघडा मांडलेला असे. पाहावा, हातांत घ्यावा, किंमत वाचावी. श्रीमंतास व मजुराच्या मुलास भाव एकच.

सहा पेनींची मर्यादा सुटल्यावरही स्वस्ताई राहिली. १९६३ नंतर ‘विनफील्ड’ या छापाचा माल निघाला, व त्याच नांवाच्या काठ्या आणि दोरा गुंडाळण्याच्या फिरक्या पुष्कळ मुलांच्या हातीं प्रथम आल्या. खाऊच्या पैशांतून एका आठवड्यास तरंगतें बूच, दुसऱ्यास गळांची पुडी, तिसऱ्यास दोरा, असा संसार हळूहळू जमे. असे मासे बहुधा पाहून पुन्हां पाण्यांत सोडावयाचे. परंतु स्वतः जमविलेल्या पैशांनीं स्वतः निवडलेली वस्तु जपून वापरण्याचा धडा मुलांच्या अंगीं मुरे.

त्या पुड्यांतील एक वस्तु मात्र घातक ठरली. दोऱ्यास लावण्याच्या शिशाच्या गोळ्या पाण्यांत गळून पडत. राजहंस त्या खड्यांबरोबर गिळीत व विषबाधेनें मरत. म्हणून १९८७ सालीं अशा लहान गोळ्यांच्या विक्रीस बंदी झाली.

अखेर व्यवहार न झेपल्यामुळें ब्रिटनमधील वूलवर्थचीं आठशेंहून अधिक दुकानें बंद झालीं. शेवटचीं ६ जानेवारी २००९ रोजीं. इकडे सरकारनें २०१७ पासून तेरा ते सोळा वर्षांच्या मुलांस गळाचा परवाना फुकट केला आहे. त्याहून लहानांस तो लागतच नाहीं. म्हणजे नदी मुलांस पूर्वींपेक्षां सुलभ झाली. गेली ती गांवच्या पेठेंतील जागा, जेथें मूल आपलें एक नाणें घेऊन एकटें जाई, मनसोक्त पाही, आणि मोठ्या गिऱ्हाइकाच्या मानानें वस्तु विकत घेऊन बाहेर पडे.

वाचकहो, इतिहास केवळ राजवाड्यांचा व लढायांचा नसतो. गरिबाच्या मुलास ज्या दाराशीं कोणी हटकलें नाहीं, त्या दाराचाही तो असतो. आणि असें दार बंद झालें म्हणजे त्याची नोंद ठेवणें हें मागें राहिलेल्यांचें कर्तव्य होय.